टायर चढवताना रिमला इजा होते का?

मोटारीच्या नव्या चाकावर टायर चढवताना रिमला इजा होऊ शकते. पण टायर नीट चढवला तर ती होण्याचे काही कारण नाही. टायरच्या आतल्या कडेत, म्हणजे बीडमध्ये, पोलादी तारांचा वेढा असतो. तो ताणला जात नाही. म्हणूनच रिमच्या आत खोलगट पट्टा ठेवलेला असतो. बीडची एक बाजू या खोलीत दाबून धरली की समोरची बाजू रिमच्या कडेवरून सहज उतरते. घाईत हे राहून गेले, किंवा बीडला साबणाचे पाणी लावले नाही, तर जोर करावा लागतो आणि यंत्राचे लोखंडी डोके नाहीतर टॉमी रिमवर घासते. कमी उंचीच्या टायरची बाजू ताठ असल्याने तिथे हा धोका सर्वांत जास्त.

पोलादी डिस्कचा रंग खरवडला तर पुन्हा लावता येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या अलॉय चाकाचे तसे नाही. डायमंड कट चाकात तर तासलेल्या चकचकीत धातूवर फक्त पारदर्शक लॅकरचा पातळ थर असतो. केसाएवढा ओरखडा त्यातून आरपार गेला की पाणी आत शिरते आणि कालांतराने लॅकरखाली पांढुरक्या रेघा पसरू लागतात. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत तर लवकरच. मग चाक पुन्हा लेथवर घ्यावे लागते, आणि दर वेळी थोडा धातू कमी होतो. ओरखडा किरकोळ म्हणून सोडून देणे म्हणूनच महागात पडते.

चांगल्या दुकानात यंत्राच्या डोक्यावर आणि पकडींवर प्लॅस्टिकची आवरणे असतात. ती झिजलेली नाहीत ना, हे गिऱ्हाइकाने आधीच पाहावे. चाकात हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर तेही आधी सांगावे. तो बहुधा व्हॉल्व्हलाच जोडलेला असतो आणि बीडखाली सापडून तुटू शकतो. बॅलन्सिंगसाठी अलॉयला आतून चिकटणारी वजने बरी; ठोकून बसवायची वजने कडेचे लॅकर फोडतात.

चाक गाडीला लावताना नट एअर गनने कचकचून आवळले तर नटाची बैठक आणि बोल्टचे आटे बिघडतात. ते आधी हाताने बसवून, मग समोरासमोरच्या क्रमाने, कंपनीच्या पुस्तिकेतल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळावेत. टायर चढवताना रिमवर बीड टेकतो त्या जागी खाच पडली तर हवा हळूहळू गळते. फुगवलेल्या टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावले की बुडबुड्यांवरून ती जागा लगेच सापडते.