पाचटाला काडी लावण्याआधी फुंकणी आठवा

ऊस तुटून गेला की दोन-चार दिवसांत फडाला काडी लागते. तासाभरात पाचट खाक आणि रान 'साफ'! धूर मात्र रात्रभर गावावर बसतो. खोकत बसतात ती म्हातारी माणसं आणि लहान पोरं.

हा धूर होतो कशाने? घरातल्या सातवी-आठवीच्या पोराला विचारा. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. जळणे म्हणजे पाचटातल्या कर्बाचा या प्राणवायूशी झटपट संयोग. चुलीत ओली लाकडं कोंबली की घरभर धूर होतो. फुंकणीने फुंकर घातली की जाळ धरतो आणि धूर कमी होतो. फुंकरीने प्राणवायू पोचतो, एवढेच त्यातले इंगित. फडातल्या ओलसर, दबलेल्या पाचटाला फुंकणी कोण घालणार? ते अर्धवट जळते. त्यातून काजळी उठते आणि कार्बन मोनॉक्साइडही. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त चिकटतो. मग रक्तात प्राणवायूला जागा उरत नाही.

पाचट कुजते तेव्हाही प्राणवायूशीच संयोग होतो, पण जिवाणूंच्या हातून, सावकाश. धूर नाही, आणि मागे खत उरते.

आता हिशेब बघा. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. त्यात नत्र अर्धा टक्का धरले तरी १० टनांत ५० किलो, म्हणजे युरियाची दोन पोती. जाळले की यातले बहुतेक नत्र हवेत जाते.

"पाचटाने पाणी तुंबतं, खोडवा फुटत नाही," असे शेतकरी म्हणतात. अडचण खरी आहे. त्यासाठी बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढावे आणि बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळून १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. पाचटात कर्ब उदंड, नत्र थोडे; म्हणून जिवाणूंना युरियाची शिदोरी लागते.

सरपंच-ग्रामसेवकांनी तोडणीआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि शाळेच्या गुरुजींनाही बोलवावे. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास पालथा घालून त्यांनी दाखवले, तर लांबलचक भाषणाची गरज पडणार नाही.