दुकानाच्या नावाची बिअर : किंमत, चव आणि खरे मोल

माल एकाने बनवायचा, त्यावर नाव दुकानदाराने स्वतःचे लावायचे आणि तो आपल्याच फळीवर इतर कंपन्यांच्या मालाशेजारी थोड्या कमी दरात मांडायचा, ही पद्धत महाराष्ट्रातील ग्राहकाला आता अपरिचित राहिलेली नाही. वारणानगरच्या वारणा बाजारने पन्हाळा-शाहूवाडीच्या परिसराला एकाच छपराखाली सगळी खरेदी करण्याची सवय लावली, तर डी-मार्टसारख्या साखळी दुकानांनी ‘प्रीमिया’ या आपल्या नावाखाली डाळी, कडधान्ये आणि सुकामेवा विकून दुकानाच्या नावाच्या मालाची ओळख करून दिली. कोल्हापूर-रत्नागिरी महामार्गावरील मलकापूरसारख्या बाजारपेठेच्या गावातही शेंगदाणे किंवा चटणी-मसाल्याच्या पाकिटावर दुकानाचेच नाव असले तर कोणी दचकत नाही. मात्र याच पद्धतीने तयार झालेली बिअर, आणि तीही ‘क्राफ्ट’ म्हणवणारी, या गावात किंवा महाराष्ट्रातील कोणत्याही किराणा दुकानात मिळत नाही. युरोप-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मात्र ती आठवड्याच्या भाजीपाल्याबरोबर सहज दिसते, आणि ती घ्यावी की नाही हा तेथील नित्याचा प्रश्न आहे.

‘क्राफ्ट’ बिअर म्हणजे ढोबळमानाने लहान, स्वतंत्र उत्पादकाने चवीला प्राधान्य देऊन बनवलेली बिअर, असे समजले जाते. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशन ही उत्पादकांची संघटना वर्षाला 60 लाख बॅरलपर्यंत उत्पादन आणि मद्यव्यवसायातील बड्या कंपनीची 25 टक्क्यांहून कमी मालकी, अशी मोजमापे लावते. परंतु ती संघटनेची व्याख्या आहे, कायद्याची नव्हे. भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 सालच्या मद्यविषयक नियमांत पाच टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली साधी बिअर आणि त्याहून अधिक, आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली स्ट्राँग बिअर असा भेद केलेला आहे, ‘क्राफ्ट’चा मात्र निकष नाही. त्यामुळे कॅनवर तो शब्द छापण्यास फारशी आडकाठी नाही, आणि ज्या विशेषणाला आडकाठी नाही त्यासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी ग्राहकाने थोडे थांबणे बरे.

ब्रिटनमधील लिडल या जर्मन साखळीने ‘हॅदरवुड’ या नावाने बिअरची मालिका काढली. नाव एखाद्या जुन्या ग्रामीण भट्टीचे वाटते, पण ती लिडलचीच नाममुद्रा आहे. मार्क्स अँड स्पेन्सरने याउलट वाट धरली आणि सेंट ऑस्टेल, ॲडनम्स यांसारख्या नामांकित उत्पादकांकडून बिअर बनवून घेतली. टेस्कोच्या ‘फायनेस्ट’ मालिकेतील अमेरिकन डबल आयपीए ही कडवट बिअर स्कॉटलंडच्या ब्रूडॉग कंपनीने बनवलेली होती. अमेरिकेत ट्रेडर जोज या साखळीची ‘सिंपलर टाइम्स’ ही स्वस्त बिअर विस्कॉन्सिन राज्यातील मिन्हास ब्रुअरीत तयार होत असे, तर कॉस्टकोने 2024 मध्ये आपल्या ‘कर्कलंड’ या नावाखाली ओरेगॉनमधील डेशूट्स या प्रतिष्ठित उत्पादकाची बिअर आणली. या उदाहरणांवरून एवढे निश्चित दिसते, की दुकानाच्या नावाची बिअर ही एकाच जातीची वस्तू नसून, कुठे ती नावाजलेल्या बिअरची दुसऱ्या वेष्टनातील सख्खी बहीण असते, तर कुठे निव्वळ स्वस्ताईसाठी घडवलेला माल असतो.

ती स्वस्त का पडते, याची कारणे चवीत नसून धंद्याच्या रचनेत आहेत. बिअर म्हणजे मोड आणून भाजलेले जव अर्थात माल्ट, कडवटपणा व सुगंध देणारी हॉप्स नावाच्या वेलीची फुले, यीस्ट आणि पाणी यांचे आंबवण. कारखान्यातील टाक्या रिकाम्या राहिल्या तरी त्यांचा खर्च चालूच राहतो, म्हणून दुसऱ्याच्या नावाने का होईना, मोठी आणि खात्रीची मागणी मिळत असेल तर उत्पादक कमी नफ्यावर तयार होतो. दुकानाला जाहिरात करावी लागत नाही, मधला वितरक नसतो, फळीवरील जागा घरचीच असते. अशा प्रकारे वाचलेला पैसा ग्राहकाकडे गेला तर तो सौदा चांगला. पण तोच पैसा हॉप्स कमी वापरून आणि बिअर टाकीत मुरण्याचे दिवस घटवून आणखी वाढवला गेला, तर किंमत कमी झाली तरी मोल त्याहून अधिक घटते.

नक्कल हा या व्यवहाराचा दुसरा चेहरा आहे. 2020 मध्ये आल्डी या साखळीने ‘अँटी-एस्टॅब्लिशमेंट आयपीए’ नावाची निळ्या कॅनमधील बिअर बाजारात आणली आणि ती ब्रूडॉगच्या ‘पंक आयपीए’सारखीच दिसते, अशी चर्चा झाली. ब्रूडॉगने न्यायालयात न जाता आल्डीच्या रंगसंगतीची थट्टा करणारी स्वतःची बिअर जाहीर केली, आणि अखेरीस ‘एएलडी आयपीए’ या नावाने ती आल्डीच्याच दुकानांत विकली गेली. सर्वच प्रकरणे अशी खेळीमेळीने मिटत नाहीत. आल्डीच्या लिंबाच्या स्वादाच्या सायडरविरुद्ध, म्हणजे सफरचंदापासून बनणाऱ्या पेयाविरुद्ध, थॅचर्स या उत्पादकाने लढा दिला आणि जानेवारी 2025 मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने थॅचर्सच्या बाजूने निकाल दिला. ग्राहकाच्या दृष्टीने यातला मुद्दा असा, की वेष्टनातील साम्य हे आतल्या द्रवातील साम्याचा पुरावा नव्हे.

मग पारख करायची कशी? दुकानाची बिअर आणि तिच्या जोडीची नावाजलेली बिअर एकाच प्रकारची असावी, हे पहिले पथ्य. हलकी, स्वच्छ चवीची लागर आणि हॉप्सचा भडिमार असलेली आयपीए यांची तुलना करण्यात अर्थ नाही. दोन्ही बाटल्यांचे तापमान एकच हवे. लागरसाठी 4 ते 7 अंश, आयपीएसारख्या एल प्रकारांसाठी 8 ते 12 अंश सेल्सिअस योग्य मानले जाते, कारण बर्फासारख्या थंड बिअरमध्ये दोषही झाकले जातात आणि गुणही. ग्लास सारखे, साबणाचा अंश नसलेले असावेत, अन्यथा फेस बसतो आणि दोष बिअरच्या माथी येतो. कमी कडवट आणि कमी मद्यार्काची बिअर आधी घ्यावी, मधे पाणी व कोरडा पाव असावा. कोल्हापुरात एक सूचना जोडावीच लागेल: तांबड्या रश्श्याच्या ताटाबरोबर अशी परीक्षा घेऊ नये, कारण मिरचीचा जाळ आणि हॉप्सचा कडवटपणा एकमेकांना चढवतात आणि उत्तम आयपीएसुद्धा नकोशी वाटते. जेवणासोबत घ्यायचीच असेल तर गव्हाची मऊ बिअर या रश्श्यापुढे बरी टिकते.

याहून महत्त्वाची आहे ती नाव झाकून घेतलेली परीक्षा. अन्नशास्त्रात वापरली जाणारी त्रिकोणी चाचणी घरीही करता येते: तीन ग्लासांपैकी दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी ओतायची, आणि ओतणाऱ्याव्यतिरिक्त प्रत्येकाने वेगळा ग्लास ओळखायचा. निव्वळ अंदाजाने तिघांपैकी एक बरोबर येतोच, त्यामुळे सहा जणांत दोघा-तिघांनी ओळखले तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पाच जणांनी ओळखले तर मात्र फरक खरा मानायला हरकत नाही. फरकच ओळखू येत नसेल, तर महागड्या कॅनसाठी मोजलेले जादा पैसे चित्राला आणि नावाला गेले, असे समजावे. फरक ओळखू आला तरी त्यातली आवडती कोणती, हा प्रश्न त्यानंतर स्वतंत्रपणे विचारावा, कारण वेगळेपणा आणि चांगुलपणा यांची गल्लत येथे फार होते.

किमतीचा हिशेब वरवर पाहता सोपा असतो. 330, 440 आणि 500 मिलिलिटरच्या डब्यांवरील दर एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत, म्हणून प्रथम लिटरमागे दर काढावा. जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर 25 सेंट अनामत घेतली जाते आणि ती परत मिळते, तेव्हा ती वगळावी. मद्यार्काचे प्रमाणही पाहावे, कारण ब्रिटनमध्ये 1 ऑगस्ट 2023 पासून मद्यार्काच्या प्रमाणावर आधारित नवी करपद्धती लागू झाल्यानंतर कित्येक बिअर 3.4 टक्क्यांवर उतरवण्यात आल्या, आणि स्वस्ताई कधी कधी या पातळपणातून आलेली असते. मात्र मद्यार्कामागे किती रुपये पडले, हाच एकमेव निकष धरला तर घोटाळा होतो. भारतात प्रचलित असलेल्या 650 मिलिलिटरच्या आठ टक्के बाटलीत 52 मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो, तर 330 मिलिलिटरच्या साडेचार टक्के कॅनमध्ये जेमतेम 15. या गणिताने स्ट्राँग बाटली दरवेळी जिंकणार, आणि आपल्या बाजारात ती जिंकलेली आहेच. परंतु ते नशेच्या दराचे गणित झाले, चवीच्या मोलाचे नव्हे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा जास्त मद्यार्क म्हणजे जास्त लाभ हा हिशेब मुळातच उलटा आहे.

महाराष्ट्रात अशी फळी का नाही, याचे उत्तर कायद्यात आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या चौकटीत येथे मद्यविक्री परवान्यावर चालते. बिअर शॉपी, वाईन शॉप, परमिट रूम यांचे परवाने वेगवेगळे असतात, आणि पिणाऱ्यानेही परवाना बाळगावा असे कायदा अजूनही सांगतो. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने किमान 100 चौरस मीटरच्या सुपरमार्केटमध्ये वेगळ्या कपाटातून वाईन विकण्यास मान्यता दिली होती, तीही द्राक्ष उत्पादकांच्या नावाने; त्यावर मोठा वाद उठला आणि निर्णय प्रत्यक्षात आला नाही. ज्या राज्यात गावातील दुकान बंद करण्यासाठी उभ्या आणि आडव्या बाटलीच्या चिन्हांवर मतदान होते, तेथे किराण्याच्या फळीवर बिअर ठेवण्याचा प्रश्न केवळ व्यापाराचा राहत नाही, आणि ज्या बायकांनी बाटली आडवी केली त्यांची बाजू ग्राहकांच्या सोयीपेक्षा हलकी मानण्याचे कारण नाही. शिवाय मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्याने प्रत्येक राज्याचे शुल्क वेगळे, आणि प्रत्येक लेबलाला उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी वेगळी. अशा स्थितीत एखाद्या साखळीने चार राज्यांसाठी आपल्या नावाची बिअर काढणे परवडणारे नाही.

तरीही दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून आपल्या नावाने विकण्याची पद्धत भारतीय बिअरमध्ये मुरलेली आहे. 2015 मध्ये आलेली ‘बिरा 91’ सुरुवातीला बेल्जियममध्ये आणि नंतर इंदूरमध्ये दुसऱ्याच्या भट्टीत बनत होती. पुण्यात 2009 मध्ये सुरू झालेली दूलाली ही राज्यातील क्राफ्ट बिअरची पहिली भट्टी आपली बिअर स्वतःच्या जागेवरच पाजत होती. तिथून कॅनमधील क्राफ्ट बिअरपर्यंत येताना उत्पादक आणि नावाचा धनी यांची फारकत झाली. खरा उत्पादक ओळखण्याच्या बाबतीत आपला ग्राहक ब्रिटिश ग्राहकापेक्षा सुदैवी म्हणावा लागेल. तेथे वेष्टनावर केवळ दुकानाचे नाव-पत्ता देऊन भागते, तर 2011 च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार आपल्याकडे उत्पादकाचे नाव व पत्ता छापावा लागतो. बारीक अक्षरातील ती ओळ वाचली की बिअर कोणत्या भट्टीची आहे, हे कळते.

त्याच ओळींच्या आसपास उत्पादनाची तारीख असते, आणि मलकापूरसारख्या ठिकाणी तीच सर्वांत निर्णायक ठरते. हॉप्सचा सुगंध काही आठवड्यांतच उतरू लागतो. साठवणीचे तापमान दहा अंशांनी वाढले की बिअर शिळी होण्याचा वेग दोन-तीन पटींनी वाढतो आणि तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. प्रकाशाने हॉप्समधील कडवट द्रव्ये विघटित होऊन उग्र दर्प सुटतो. तपकिरी काच त्यापासून बरेच संरक्षण देते, हिरवी काच फारच थोडे, कॅन पूर्ण. कमी खपणारी महागडी आयपीए पत्र्याच्या छपराखालील गोदामात उन्हाळा काढून आलेली असेल, तर तिच्यापेक्षा रोज खपणारी साधी लागर सरस ठरते, मग त्या आयपीएच्या कॅनवर कोणाचेही नाव असो.

परदेशातील दुकानांच्या नावाच्या बिअरबद्दलही निवाडा याच दिशेने जातो. लागर, साधी एल, गव्हाची बिअर यांत त्या बहुधा पैसे वाचवतात आणि चवीत फारसे गमावत नाहीत. हॉप्सचा खर्च टाळता न येणाऱ्या आयपीएमध्ये त्या घ्यायच्या तर उत्पादकाचे नाव छापलेले असेल तरच घ्याव्यात. कोल्हापूरकरांना किराण्याशेजारी बिअरची फळी पाहण्याची जवळची जागा गोवा आहे, आणि साळगावजवळच्या सांगोल्ड्यातील गोवा ब्रुइंग कंपनी किंवा डिचोली तालुक्यातील लाटंबार्से येथे बनणारी ‘माका दी’ यांच्या ताज्या कॅनवर वरची सर्व परीक्षा करून पाहता येते. ती तिथेच करावी. परवान्याविना गोव्याचे मद्य महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर उत्पादन शुल्क विभाग गाड्या तपासतो.