‘गॉबल्डिगूक’ : एका शब्दाचे जन्मवृत्त

इंग्रजी वाचताना ‘गॉबल्डिगूक’ असा एक विचित्र शब्द कधी कधी भेटतो. जड व फुगीर शब्दांनी भरलेली, परंतु अर्थबोध न करणारी भाषा, विशेषतः कचेरीतील भाषा, असा त्याचा अर्थ होय. आपल्या ‘शब्दावडंबरा’चा तो खट्याळ भाऊबंदच म्हणावा.

बहुतेक शब्दांचा जनक अज्ञात असतो. याचा मात्र ठाऊक आहे. 1944 साली, दुसरे महायुद्ध चालू असता, मॉरी मॅव्हरिक हे गृहस्थ अमेरिकेत लहान कारखान्यांना युद्धसाहित्याची कामे मिळवून देणाऱ्या सरकारी महामंडळाचे अध्यक्ष होते. बोजड टिपणे वाचून ते इतके त्रासले की, असल्या भाषेस मनाई करणारे पत्रकच त्यांनी काढले आणि तिला ‘गॉबल्डिगूक’ हे नाव दिले. त्यांच्या मनात बहुधा टेक्सास प्रांतातील टर्की पक्षी असावा, असे ते पुढे म्हणाले. कोंबड्याहून मोठा असा हा नर पिसारा फुलवून ऐटीत चालतो आणि एकसारखा ‘गॉबल-गॉबल’ करीत राहतो.

मग जे जे कळत नाही, ते सारेच गॉबल्डिगूक काय? नव्हे. माझी घरची भाषा कोकणी. ‘उदक’ हा शब्द मराठीत ग्रांथिक वाटतो. आमच्या घरी तहानलेले मूलही ‘उदक’च मागते. तेव्हा शब्दाचे काठिण्य पुष्कळदा परिचयावर अवलंबून असते.

पांढुर्णा-सौसरच्या लोकांस हे निराळे सांगावयास नको. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठी भाषिक भाग मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. येथील शेतकऱ्याच्या जमिनीचा कागद ‘खसरा’, तर वरुड-नरखेडकडील सोयऱ्याचा ‘सातबारा’. इकडे ‘नामांतरण’, तिकडे ‘फेरफार’. हे शब्द अपरिचित असतील, पण पोकळ नाहीत. एकदा विचारले की ते कायमचे आपले होतात.

आता हे वाक्य पाहा : ‘प्रस्तुत प्रकरण यथोचित कार्यवाहीस्तव अग्रेषित करण्यात आले आहे.’ प्रत्येक शब्दाचा अर्थ कोशात सापडेल. परंतु अर्ज कोणाकडे गेला, कोण काय करणार आणि केव्हा, हे कोणताही कोश सांगणार नाही. ‘आपला अर्ज तहसीलदारांकडे पाठविला आहे, पंधरा दिवसांत उत्तर मिळेल’ असे लिहिले असते, तर शेतकऱ्याची एक खेप वाचली असती. गॉबल्डिगूकचा खरा दोष हा की, त्यात करणारा लपतो आणि भोगणारा ताटकळतो.

घरातील वडीलधारी माणसे पुष्कळदा असे कागद तुमच्यापुढे वाचावयास ठेवतात. अर्थ लागला नाही, तर ‘समजले’ म्हणून मान डोलावू नका. कोण, काय, केव्हा हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्यांस सही अथवा अंगठा करू देऊ नका. आणि उद्या लेखणी तुमच्या हाती आली, म्हणजे वाचणाऱ्यास हे तीन प्रश्न विचारावेच लागू नयेत, असे लिहा.