निकालावरून मागे जाताना

पाऊस पडला की रस्ता ओला होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ओला रस्ता पाहून पाऊस पडून गेला असे म्हणता येईल का? मुंबईत जुलै महिना असेल तर आपण बेधडक पावसाचे नाव घेऊ. एप्रिल असेल तर मात्र पाण्याचा टँकर गळत गेला असावा, अशी शंका येईल. रस्ता तोच, ओलही तीच. पण आपल्याला आधीपासून असलेली माहिती निराळी, म्हणून निष्कर्षही निराळा.

परिणाम पाहून कारणाचा अंदाज बांधण्याच्या या रीतीला गणिती रूप देणारा पहिला विचारवंत म्हणजे इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस बेझ. १७६१ साली तो वारला. त्याचा निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. पुढे फ्रेंच गणिती लाप्लास याने ही कल्पना स्वतंत्रपणे विकसित केली.

आता आपल्याच शहरातील एक उदाहरण घेऊ. जुलै २०२० मध्ये मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर व माटुंगा या भागांत सुमारे ७,००० लोकांच्या रक्ताची तपासणी केली. करोना विषाणूची लागण होऊन गेली की रक्तात बहुधा प्रतिपिंडे तयार होतात. तीच येथे शोधली होती. जाहीर झालेल्या आकड्यांनुसार झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के लोकांत ती आढळली, तर झोपडपट्ट्यांबाहेर सुमारे १६ टक्क्यांत. दाट वस्ती आणि सामाईक शौचालये ही या फरकाची संभाव्य कारणे सांगण्यात आली.

हे आकडे आपण जसेच्या तसे खरे धरू. आता समजा, याच वस्त्यांत कोणी दुसरी, थोडी कच्ची चाचणी वापरली. प्रतिपिंडे असलेल्या १०० जणांपैकी ९० जणांना ती बरोबर ओळखते. पण प्रतिपिंडे नसलेल्या १०० जणांपैकी १० जणांनाही ती चुकून ‘होकार’ देते. एखाद्याच्या हाती होकाराची चिठ्ठी आली. त्याच्या रक्तात खरोखर प्रतिपिंडे असण्याची संभाव्यता किती? ‘९० टक्के’ असे उत्तर चटकन ओठांवर येते. ते तपासून पाहू.

झोपडपट्टीतील १,००० लोक घ्या. ५७० जणांत प्रतिपिंडे आहेत. त्यांतील ५१३ जणांना होकार मिळेल. उरलेल्या ४३० जणांपैकी ४३ जणांना चुकीचा होकार मिळेल. एकूण होकार ५५६, त्यांतले खरे ५१३; म्हणजे सुमारे ९२ टक्के.

आता झोपडपट्टीबाहेरचे १,००० लोक घ्या. १६० जणांत प्रतिपिंडे आहेत. खरे होकार १४४. उरलेले ८४० जण; चुकीचे होकार ८४. एकूण होकार २२८, त्यांतले खरे १४४; म्हणजे केवळ ६३ टक्के!

चाचणी तीच, चिठ्ठीही तीच. तरीही दुसऱ्या वस्तीत होकार मिळालेल्या दर आठ माणसांतील सुमारे तिघांना लागण झालेलीच नाही. ‘मला होऊन गेला, आता भीती नाही’ असे समजून अशा माणसाने साथीच्या काळात तोंडावरची पट्टी काढून टाकली, तर धोका त्याला आहेच, शिवाय घरातील म्हाताऱ्या माणसांनाही आहे.

मग कच्ची चाचणी निरुपयोगी समजायची का? नाही. या २२८ जणांची दुसरी चाचणी करा. तिची अचूकता तेवढीच असेल आणि तिच्या चुका पहिलीपेक्षा स्वतंत्र असतील, तर दोन्ही वेळा होकार मिळालेल्या माणसात प्रतिपिंडे असण्याची संभाव्यता सुमारे ९४ टक्क्यांवर जाते. पहिल्या चाचणीचा निष्कर्ष दुसरीसाठी ‘आधीची माहिती’ बनतो. नवा पुरावा आला की जुना अंदाज सुधारायचा, हेच बेझच्या रीतीचे सार आहे.

विद्यार्थी मित्रहो, आता हे गणित तुम्ही करा. एका गावात १०० पैकी एकाच माणसाला लागण होऊन गेली आहे. तेथे याच चाचणीचा होकार कितपत खरा मानावा? १,००० लोक घेऊन मोजणी करा. बारा होकारांत एकच खरा, असे उत्तर आले तर दचकू नका. तुमचे गणित बरोबर आहे!