रंग पाणी अडवत नाही, मग गंज कसा थांबतो?

तुम्ही बर्फाळ शहरात राहत असाल, तर हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकलेलं पाहिलं असेल. आखातात असाल, तर किनाऱ्याची दमट, खारी हवा ओळखीची असेल. दोन्हीकडे गाडीचा पत्रा गंजवायला मीठ हातभार लावतं, आणि दोन्हीकडे त्याला वाचवतो तो जेमतेम केसाएवढ्या जाडीचा रंगाचा थर. हा थर नेमकं काय अडवतो? आपण पटकन म्हणतो, "पाणी आणि हवा!" पण हे उत्तर अपुरं आहे.

१९५० च्या सुमारास ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जे. ई. ओ. मेन यांनी एक साधा हिशोब मांडला. उघडं पोलाद गंजताना जेवढं पाणी आणि जेवढा ऑक्सिजन वापरतं, तेवढं सगळं नेहमीच्या रंगाच्या थरातून सहज आरपार जाऊ शकतं. मग रंगाखालचं पोलाद लगेच गंजत का नाही?

त्यासाठी गंजाकडे विजेचं सर्किट म्हणून बघा. लोखंडाचे अणू एका जागी इलेक्ट्रॉन सोडतात आणि आयन बनून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच दुसऱ्या जागी पोचतात, आणि तिथे पाणी व ऑक्सिजन त्यांना स्वीकारतात. पण एवढ्यानं सर्किट पूर्ण होत नाही. दोन जागांमधल्या ओलाव्यातून आयनांची ये-जाही व्हावी लागते. शुद्ध पाण्यात आयन फार थोडे असतात. मीठ विरघळलं की सोडियम आणि क्लोराइडच्या आयनांची गर्दी होते आणि वीज सहज वाहते. गंजाला मीठ का आवडतं, ते इथे कळतं.

चांगला रंग नेमकी हीच वाट अडवतो. पाण्याच्या रेणूवर एकूण विद्युतभार नसतो, त्यामुळे तो रंगातून झिरपतो. भार असलेल्या आयनाला मात्र तिथून सरकणं फार जड जातं. या अडथळ्याला इलेक्ट्रोलिटिक रोध म्हणतात, आणि तो मोजता येतो.

बेकन, स्मिथ आणि रग या तिघांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पोलादावरच्या ३०० हून अधिक कोटिंग्जचा रोध खाऱ्या पाण्यात मोजला. एक चौरस सेंटीमीटर थराचा रोध १० कोटी ओहमच्या वर टिकला, तर संरक्षण चांगलं. १० लाखांच्या खाली घसरला, तर वाईट. मधला पट्टा बेताचा. हे आकडे आजही ढोबळ मापदंड म्हणून वापरले जातात.

आता थोडं गणित करू. सर्किटमध्ये अर्धा व्होल्ट आहे असं धरा. ओहमच्या नियमानुसार १० कोटी ओहममधून ५ नॅनोअँपियर प्रवाह जाईल. त्यानं वर्षभरात सुमारे ०.०६ मायक्रॉन लोखंड झिजेल. रोध १० लाखांवर आला, की हीच झीज शंभरपट, म्हणजे जवळपास ६ मायक्रॉन. "एवढंच?" असं वाटेल. पण गंज सगळीकडे सारखा पसरत नाही. टाचणीच्या टोकाएवढ्या कमजोर जागी तो एकवटतो आणि तिथे पत्र्याला भोक पाडतो.

अशा कमजोर जागा चांगल्या दिसणाऱ्या थरातही असतात. एकाच थराचे छोटे तुकडे करून मोजले, तर काहींचा रोध भक्कम निघतो, काहींचा अगदीच कमी. म्हणून रंगारी एकच जाड थर न देता दोन-तीन हात देतात. पहिल्या हातातली कमजोर जागा बरोबर दुसऱ्यातल्या कमजोर जागेखाली येण्याची शक्यता कमी असते.

प्रत्येक कोटिंग असंच काम करतं असं मात्र नाही. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचं जस्त तर वीजवाहक असतं. ते लोखंडाऐवजी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त काही काळ राखण करतं. साध्या रंगाला हे जमत नाही. तिथे ओरखडा पडला, की त्या जागी रोध जवळपास संपलाच.

याचा तुम्हाला उपयोग काय? खडी उडून गाडीच्या रंगाचा टवका गेला, तर ती जागा लवकर बुजवा. हिवाळ्यात गाडी धुताना खालची बाजूही धुऊन घ्या. आणि गंजलेल्या जागी पुन्हा रंग देणार असाल, तर नुसता पॉलिश पेपर घासून थांबू नका. गंज निघाला तरी खड्ड्यांत मीठ उरतं. वरून रंग दिला, की ते थरातून पाणी खेचतं, रंगाला फोड येतात आणि आयन आतच तयार असल्यानं सर्किट पुन्हा सुरू होतं. म्हणून आधी घासा, मग ती जागा स्वच्छ गोड्या पाण्यानं नीट धुऊन पूर्ण कोरडी करा, आणि मगच प्रायमरचा पहिला हात द्या.