भीती कशी रचतात?

गॉथिक कथा : जुनी वास्तू, घराण्याचं पाप, मेलेल्यांचा न सुटलेला हक्क. सुरुवात हॉरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून, १७६४.

मराठीत : नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) ही दोन मोठी नावं. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर (१९७५) बेतलेली. ‘तुंबाड’ (२०१८) चित्रपटामागे धारपांचीच ‘आजी’ ही कथा. नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून.

फरक : भयकथेत संकट समोर येतं. गूढकथेत ते खरं की मनाचा खेळ, हे सुटत नाही.

युक्ती : आधी ओळखीची जागा घट्ट उभी करायची. समजा, रबाळे स्थानक. ठाण्याकडची शेवटची लोकल गेलेली, फलाटावर दोघंच. एक जण बिडीसाठी काडी मागतो. दिव्याखाली उभा आहे, पण त्याची सावली पडलेली नाही. वाचकाला हे दिसतं, काडी देणाऱ्याला दिसत नाही. ताण इथे सुरू होतो. भूत जितकं उशिरा दिसेल तितकं बरं.

लोकसमजुतीतली भुतं
• मुंजा : मुंज झालेला, लग्नाआधी वारलेला मुलगा, वास पिंपळावर.
• हडळ : पावलं उलटी.
• चकवा : रात्री वाट चुकवतो, माणूस फिरून त्याच जागी येतो.
• वेताळ : भुतांचा राजा.