चुलाण विझले, पण राख?

भीमजयंती आणि वैशाख पौर्णिमा हे आपले दोन्ही मोठे दिवस ऐन उन्हाळ्यात येतात. विहाराच्या अंगणात चर खोदून चुलाण पेटते, मोठ्या पातेल्यांत भोजनदानाचा भात-भाजी नाहीतर खीर शिजते. मंडपाचे कापड आणि गवताची गंजी चुलाणापासून लांब ठेवावी, पेटत्या चुलीत रॉकेल ओतू नये, चुलीजवळ सुती कपडे घालावेत, हे बहुतेकांना ठाऊक असते. आमच्या मते खरा धोका पंगती उठल्यावर सुरू होतो.

निखाऱ्यावर राखेचा थर बसला की आतली धग टिकून राहते. वरून राख पांढरी, गार दिसते; आतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. पुष्कळ ठिकाणी त्यावर माती ढकलून मोकळे होतात. त्याने निखारा विझतोच असे नाही, तो दिसेनासा होतो. वरून जमीन सपाट झालेली असते आणि अनवाणी मुले त्यावरून धावतात. लहान मुलांची त्वचा पातळ असते, त्यामुळे क्षणभराच्या स्पर्शानेही खोल भाजते.

म्हणून आधी पाणी, मग माती. बादली एकदम पालथी करू नये, वाफेने तोंड-हात भाजतात. लांबून थोडे थोडे पाणी शिंपडावे, लांब दांड्याच्या फावड्याने राख ढवळावी, पुन्हा शिंपडावे. वाफ थांबली की तळहाताची मागची बाजू राखेच्या वर धरून पाहावी. ऊब लागली तर काम संपलेले नाही. पाण्याची टंचाई असेल तिथे भांडी धुतलेले पाणी यासाठी राखून ठेवावे. रात्रभर खड्ड्याभोवती बाकडी आडवी लावावीत. भोजनदानाच्या यादीत आचारी, वाढपी, वर्गणीदार अशा सर्वांची नावे असतात. चुलाण विझवणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नसते, तेही लिहावे.

एवढे करूनही कोणी भाजलेच, तर भाजलेला भाग लगेच नळाच्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटे धरावा. नळ नसेल तर तांब्याने पाणी ओतत राहावे. पाण्याने फोड येतात, हा निव्वळ गैरसमज आहे. बर्फ लावू नये. सूज येण्याआधी पैंजण, जोडवी, बांगड्या काढाव्यात. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नये. टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. त्याने जखम चिघळू शकते आणि ती किती खोल आहे हे डॉक्टरांना नीट दिसत नाही. स्वच्छ सुती कापडाने सैल झाकावे आणि फोड फोडू नयेत.

लहान मूल असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे भाजले असतील, तर जखम लहान दिसली तरी दवाखाना गाठावा. मोठ्या भाजण्यात 108 वर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत पाणी चालू ठेवावे. उरलेले अंग कोरड्या चादरीने झाकावे, कारण उन्हाळ्यातही लहान मुलाला थंडी भरते.